सरकारचा वैरी

सेनगावात भाड्याची खोली घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून घरमालकांचा आवाज आला, "ह्या सरकारला भर चौकात जोड्यानं हाणलं पायजे!"

मी सामानाच्या खोक्यांमध्ये बसून चहाची गाळणी शोधत होते. हात तिथंच थांबला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. घरमालक राजकारणातले निघाले तर रोजची कटकट, असं मनात आलं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "अरे, बायको हाय का दावणीचं ढोर? लाज वाटत न्हाई का रे सरकार तुला?"

सरकारला अरेतुरे करणारा आणि सरकारच्या बायकोची काळजी वाहणारा माणूस बघावा म्हणून मी दारात आले.

ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ते ताठ बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती. समोर टीव्ही. टीव्हीवर निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराची मालिका चालू होती. जहागीरदाराला त्या मालिकेत सगळे 'सरकार' म्हणत. भरघोस मिशा, गळ्यात मोत्याची माळ आणि दोन बायका, थोरल्या बाईसाहेब आणि धाकट्या बाईसाहेब. त्या दिवशी सरकारनं थोरलीला न विचारता तिचे दागिने धाकटीच्या अंगावर घातले होते आणि आमचे घरमालक संतापानं थरथरत होते.

"या मॅडम," माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "बसा. बगा हा नालायक माणूस."

बोलता बोलता त्यांनी उजवा हात बाजूला लांब केला. डोळे टीव्हीवरच. आतून एक बाई लगबगीनं आली, त्या हातात पाण्याचा तांब्या ठेवून उभी राहिली आणि पाणी पिऊन झाल्यावर रिकामा तांब्या घेऊन आत गेली. त्यांनी मान वळवली नाही. टीव्हीवर सरकारनंही तसाच हात लांब केला होता आणि थोरल्या बाईसाहेब त्यावर विडा ठेवत होत्या. मला दोन्ही एकदम दिसलं. बाकी कुणालाच दिसलं नसावं.

गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा साठीच्या पुढचे. पुसेगावच्या वाटेला शेत होतं, ते दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेलं. दिवसभर त्यांना फारसं काम नसे. सकाळी शेताकडं चक्कर, दुपारी झोप आणि संध्याकाळी मालिका. मालिकेच्या वेळी गल्लीतल्या बायका ओसरीच्या पायऱ्यांवर येऊन बसायच्या. घरी टीव्ही असूनही यायच्या. त्यांना मालिका बघायची नसे, मामांना बघायचं असे.

कारण मामा नुसते बघत नसत, निवाडा करत. "बाईला इचारल्याबिगर तिच्या वस्तूला हात लावायचा न्हाई," असं दस्ती झटकून जाहीर करत. "बाईमाणूस हसली तं ह्याच्या पोटात दुखतंय. काहून दुखतंय? तिनं हसू बी न्हाई का?" पायऱ्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपर मारत. एकदा सरकारनं थोरलीच्या थोबाडीत मारली, तर मामांनी पायातली चप्पल काढून टीव्हीवर भिरकावली. नेम चुकला. चप्पल वरच्या फळीवरच्या डब्यांना लागली आणि डाळीचा डबा उपडा झाला. मामी खाली बसून डाळ वेचू लागल्या. मामा म्हणाले, "आवाज करू नको, ऐकू येत न्हाई."

मामी स्वतः मालिका बघत नसत. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना टीव्हीची एक कड तेवढी दिसायची. मामांची खुर्ची मधेच होती. त्या ऐकायच्या. भाकरी थापता थापता ऐकून त्यांनी सगळी मालिका पाठ केली होती आणि त्यांचं मत मामांच्या अगदी उलटं होतं. त्यांना सरकारची दया यायची.

"त्याचं बी काय चुकलं म्हना ताई," एकदा त्या मला म्हणाल्या. "लहानपणापासून त्याला कोणी न्हाई म्हनलंच न्हाई. त्याला वाटतंय, जग असंच असतंय. आन् भांडण झालं की ताट सोडून उठतो बिचारा. उपाशी झोपतो."

ते मामांच्या कानावर गेलं. "तुला काय कळतंय? तू गप," ते गरजले. मग पायऱ्यांकडं वळून म्हणाले, "बगा, हा सरकार बायकांना दोन शब्द बोलू बी देत न्हाई!"

कुणी हसलं नाही. मी मामींकडं पाहिलं. त्या परातीत पीठ घेत होत्या.

मला या माणसाचा अंदाज येत नव्हता. ढोंगी म्हणावं तर तो ढोंग करत नव्हता. थोरल्या बाईसाहेब रडल्या की त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. घरच्या म्हशीनं एकदा वैरण सोडली, तेव्हा मी औषध दिलं. पण मामा दिवसभर गोठ्यात बसून राहिले, तिच्या मानेवर हात फिरवत, "खा माय माझी, एक घास खा," करत. त्याच महिन्यात मामींना ताप आला, तर दारातून म्हणाले, "गोळी घेतली का? मंग कवा करती सैपाक?" मी चिडून माझ्याकडची भाजी-पोळी नेऊन दिली. त्यांनी ती निवांतपणे खाल्ली आणि मिठाला थोडी कमी आहे म्हणाले.

आणि हाच माणूस एकदा भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर, ओट्यावर बसून मामींचा पाय मांडीवर घेऊन होता. शेतातून येताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मामांनी नाकावर चष्मा चढवला होता, हातात सुई होती. येणारेजाणारे बघत होते, मामी लाजून पाय ओढत होत्या. "हालू नको," ते इतक्या हळू आवाजात म्हणत होते की तो आवाज त्यांचाच आहे का, असं वाटलं. काटा निघाल्यावर त्यांनी तो तळहातावर घेऊन मलाही दाखवला, जणू हिरा सापडला होता.

तेव्हा मी ठरवलं, माणूस चांगला आहे. मग दुसऱ्या दिवशी भाकरी गार झाली म्हणून त्यांनी ताट सरकवलं आणि माझं पुन्हा काही ठरेना.

मधे एकदा हिंगोलीत एका कापडाच्या दुकानाचं उद्घाटन होतं. त्यासाठी सरकारचं काम करणारा नट येणार, अशी बातमी गल्लीत आली. मामा माझ्याकडं आले. "मॅडम, तुमाला सुट्टी हाय ना? चला संगं. मला त्याला दोन शब्द सुनवायचेत. मला एकट्याला तिथं कोणी घुसू द्यायचं न्हाई, तुमी साहेब माणूस हाव."

मी त्यांना समजावलं की तो नट आहे, सरकार नाही. "ते कळतंय मला," ते म्हणाले. "मी काय येडा हाव? पर त्याला बी कळायला पायजे, लोकायला कसं वाटून राहिलं ते."

एसटीनं आम्ही गेलो. दुकानासमोर तोबा गर्दी. मामांनी दस्ती डोक्याला बांधली आणि मुसंडी मारली. मी त्यांच्या मागं. नट मिशा काढून आला होता. मामा त्याच्यासमोर पोचले आणि क्षणभर गोंधळलेच. मग म्हणाले, "तुमीच का सरकार?"

त्यानं हात जोडले. "नमस्कार मामा."

इतकं अदबीनं तो म्हणाला की मामा घोकलेलं सगळं विसरले. शेवटी एवढंच निघालं, "तुमी त्या थोरल्या बाईसंगं लई वाईट वागून राहिलाव."

नट हसला. "मामा, माझ्या हातात काय आहे? मला जसं सांगतात तसं मी करतो."

मागून रेटा आला. कुणीतरी त्या दोघांचा फोटो काढला आणि आम्ही बाहेर फेकले गेलो. तो फोटो नंतर माझ्या मोबाइलवर आला. दोघेही कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून उभे होते. ओळख नसलेल्या माणसाला कोण सरकार ते सांगता आलं नसतं. मामांनी फोटो मोठा करून घेतला आणि टीव्हीशेजारी लावला. वैऱ्याचा फोटो कशाला लावलात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "लई मोठा माणूस हाय तो."

पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये, नर्सी गाव मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "एवढा बाप्या माणूस, आन् दुसऱ्यानं सांगितलेलं करतो. मंग वाईट कोण, मॅडम?"

"लिहिणारा असेल," मी म्हणाले.

"त्यानं बी कुठंतरी पायलंच असंल ना," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर कापसाकडं बघत बसले.

उषा आली त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. उषा ही त्यांची एकुलती एक मुलगी. वारंगा फाट्यावर दिलेली. सासरचं तिथं हमरस्त्याला लागून हॉटेल होतं. मालिका चालू होती, बायका पायऱ्यांवर होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी जीप थांबून उषा खांद्याला पिशवी अडकवून चालत आली. एकटीच. बायकांनी वाट दिली. ती ओसरीत येऊन बापासमोर उभी राहिली. टीव्ही तिच्या पाठीमागं झाकला गेला.

मामांनी टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना त्यांनी टीव्ही बंद केल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

गोष्ट साधी होती. लग्नाआधी नवऱ्यानं कबूल केलं होतं की उषाला नर्सिंग शिकू देईन. आता हिंगोलीच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला, तर तो म्हणाला, हॉटेलातल्या पोळ्या कोण करणार? तिनं हट्ट धरला. त्यानं मोबाइल काढून घेतला आणि तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. सासू देवळात गेली तेव्हा शेजारणीनं कडी काढली.

"कडी लावली?" मामांनी विचारलं. "माझ्या पोरीला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारंगा फाट्याला गेले. उषाचे कपडे आणि मोबाइल आणायचा होता, म्हणून मामींनी मलाही सोबत धाडलं. त्यांना भीती होती, मामांचा हात उठेल. हॉटेलात ट्रकवाले पोहे खात होते. जावई गल्ल्यावर बसला होता. मामा मधोमध उभे राहिले आणि सुरू झाले.

"बायको हाय का दावणीचं ढोर? लाज वाटत न्हाई का रे तुला? बाईमाणूस शिकली तं तुझ्या पोटात काहून दुखतंय?"

जवळजवळ शब्द न् शब्द मी ओसरीत ऐकलेला होता. फक्त आज समोर काच नव्हती. ट्रकवाल्यांनी घास थांबवले. जावई उठून जवळ आला, "मामा, घरातलं घरात बोलू."

"घरात? घरात तू कडी लावतोस!"

एक ट्रकवाला म्हणाला, "बराबर है चाचा." मामांची छाती आणखी फुगली. आम्ही कपडे आणि मोबाइल घेऊन बाहेर आलो. एका टपरीवर त्यांना पाणी पाजलं. "जमलं ना मॅडम?" त्यांनी विचारलं. त्या क्षणी मला ते फार आवडले. माझी सगळी शंका फिटली. माणूस सरकारवर उगाच चिडत नव्हता, वेळ आली तेव्हा उभा राहिला.

गल्लीत त्यांचा भाव वधारला. पायऱ्यांवरच्या बायका आता खरोखर मानानं बघू लागल्या. मामा रोज मालिकेआधी फाट्याची गोष्ट सांगत. दर वेळी ट्रकवाल्यांची संख्या वाढे.

मग एका संध्याकाळी जेवताना उषा म्हणाली, "बापू, मी सोमवारी हिंगोलीला जाते. नाव घालायला."

"कशात नाव?"

"नर्सिंगला."

मामा हसले. "आता काहून? मी हाव ना. तुला हितं काय कमी हाय? खा, पी, आराम कर."

मी कोंबड्यांच्या लशीचा डबा त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायला आले होते, ती फ्रिजपाशीच उभी राहिले. उषाला वाटलं, बाप थट्टा करतोय. "बापू, तेच्यासाठीच तर आले ना मी."

"पोरगी हिंगोलीत एकटी राहणार, रातपाळीला दवाखान्यात जाणार. लोक काय म्हनतील? ह्याला एक पोरगी सांभाळता येईना. न्हाई. माझ्या घरात राहायचं तं माझ्या मनानं राहायचं."

"मंग त्यानं अडवलं तवा तुमी भांडलाव काहून?"

मामांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "अगं, त्यानं माझ्या पोरीला अडवलं म्हून."

उषा ताटावरून उठली. मामांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी तरी हे इतकं सरळ गणित तिला समजावून सांगावं. मी लशीचा डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि निघून आले. खोलीत येऊन मी विचार करत बसले, फाट्यावर ज्याच्यासाठी मी मनोमन टाळ्या वाजवल्या तो माणूस नक्की कशासाठी भांडत होता?

सोमवारी पहाटे मामी माझ्या दारात आल्या. इरकली लुगडं नेसलेल्या, हातात भाकरीचं गाठोडं. मागं उषा पिशवी घेऊन उभी. "ताई," त्या म्हणाल्या, "आजच्याला म्हशीची धार तुमी काढताव का?"

"कुठं निघालात?"

"हिंगोलीला. पोरीला एकटीला खोली कोणी देत न्हाई. संगं माय असली तं देतेत."

"मामांना सांगितलंत?"

मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "इचारलं असतं तं न्हाई म्हनले असते. मंग जाणं वाईट दिसलं असतं," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. माझ्या माहितीत त्या कधी न विचारता पिठाच्या गिरणीपर्यंतही गेल्या नव्हत्या.

मामांना दुपारपर्यंत वाटत होतं, दोघी मारुतीला गेल्यात. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर मामींचा फोन आला. मी तो मामांना दिला. ते ऐकत राहिले. मग एकच शब्द म्हणाले, "सैपाक?" पलीकडून काय उत्तर आलं मला माहीत नाही. त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि खुर्चीत बसले.

पुढचे दिवस विचित्र गेले. मामांना गॅस पेटवता येत नव्हता. चुरमुरे, केळी, टपरीवरची भजी यावर ते राहिले. मी पोळी-भाजी दिली तर घेत, पण मान वर करत नसत. आणि योगायोग बघा, मालिकेतही तेव्हाच थोरल्या बाईसाहेब घर सोडून निघाल्या. त्या दिवशी पायऱ्या गच्च भरल्या होत्या. बायकांना सगळं ठाऊक होतं. थोरलीनं किल्ल्यांचा जुडगा सरकारच्या पुढ्यात ठेवला, उंबरठा ओलांडला, संगीत वाजलं.

एका धीट बाईनं विचारलं, "मामा, आज काहीच न्हाई म्हननार?"

"तिचं बराबर हाय," मामा म्हणाले. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तसे ते पुन्हा म्हणाले, "पर सांगून जायला पायजे व्हतं."

बायका गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. खरं सांगा. मी कधी तिच्यावर हात उचलला?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"दुसरी बाई?"

"नाही मामा."

"मंग माझं काय चुकलं?"

मला खूप बोलायचं होतं. तांब्याचं, डाळीचं, तापातल्या स्वयंपाकाचं. पण एकेक काढून समोर ठेवलं तर ते किती बारीक दिसलं असतं! त्यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर बाई घर सोडत नाही. सरकारचं काय चुकलं ते मी एका वाक्यात सांगितलं असतं. मामांचं सांगता येईना. मी म्हणाले, "तुम्ही जाऊन या एकदा हिंगोलीला."

"एकटा?" ते म्हणाले. एवढासा आवाज होता.

म्हणून रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी पिशवीभर तुरीच्या शेंगा घेतल्या होत्या. खोली छोटी होती, स्वच्छ, भिंतीला उषाचा पांढरा गणवेश टांगलेला. मामी जरा उजळल्यासारख्या वाटल्या. त्यांनी चहा केला. शेजारच्या दोन पोरींचा डबाही त्या करून देत होत्या, म्हणून मधूनमधून उठत होत्या. मामा भिंतीला टेकून बसले. बसायला खुर्ची नव्हती.

उषानं सरळ विचारलं, "बापू, न्यायला आलाव का?"

"व्हय."

"आमी येत न्हाई."

मला वाटलं, आता गरजतील. मामांनी गणवेशाकडं बघितलं, मामींकडं बघितलं. मामी शेंगा सोलायला घेऊन बसल्या होत्या. हात चालू होते, पण दाणे ताटलीबाहेर पडत होते.

"बरं," मामा म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. मी मागं धावले.

सेनगावला उतरलो तर स्टँडसमोरच्या टपरीवर ओळखीची मंडळी बसली होती. एकानं हाक मारली, "काय मामा, मामी दिसेनात? गेल्या म्हनं?"

मामांनी दस्ती खांद्यावर नीट टाकली. "गेली म्हंजे? मीच धाडली. पोरीला नर्सिंगला घातलंय हिंगोलीला. एकटी कशी ठेवायची? म्हून मामीला बी म्हनलं, जा संगं. जमाना बदलला, आपून बी बदलायला पायजे. बाईमाणसाला अडवायचं न्हाई."

"वा मामा!" टपरीवाला म्हणाला आणि चहा पुढं केला.

मी तिथंच उभी राहिले. तासाभरापूर्वी मी त्या खोलीत होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा, नजर न चुकवता. मला राग आला. हसूही आलं. कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

मग ती गोष्ट वाढतच गेली. मामांनी पोरीला शिकायला घातलं, मामांनी बायकोला पाठवलं, स्वतः हातानं करून खातात. आणि खरोखरच खाऊ लागले, कारण लोक विचारायला लागले. त्यांनी मला गॅस कसा पेटवायचा ते विचारलं. त्यांची पहिली पोळी मी पाहिली. तिच्याबद्दल न बोललेलं बरं. दर रविवारी पिशवी भरून हिंगोलीला जाऊ लागले, कारण गावात तसं सांगून बसले होते. गल्लीतल्या एका माणसानं पोरीचं कॉलेज बंद करायचं काढलं, तर मामा त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. "माझ्याकडं बघ," म्हणाले, "मी न्हाई का पाठवली?" तो माणूस वरमला. ती पोरगी अजून कॉलेजला जाते. एका धडधडीत खोट्यानं तिचं भलं झालं, याचं मी काय करू?

मालिका संपली. शेवटी सरकार थोरलीच्या पाया पडून रडला. मामांना ते मुळीच पटलं नाही. "रडतोय काहून? आधीच जाऊ दिलं असतं तं!" असं ते माझ्या तोंडावर म्हणाले. डोळ्यांत तीच जुनी चीड. मी त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले. आपण काय बोललो ते आपल्यालाच लागू आहे, याची एखादी खूण चेहऱ्यावर उमटते का, ते शोधत होते. नाही उमटली. किंवा उमटली असेल, मला ओळखता आली नसेल.

माझी बदली झाली. जाण्याआधी मी हिंगोलीला मामींचा निरोप घ्यायला गेले. उषा कॉलेजात होती. मामी डब्याच्या पोळ्या लाटत होत्या. इतके दिवस दाबून ठेवलेलं मी बोलून टाकलं. मामा गावभर काय सांगत फिरतात, कसं सगळं स्वतःच्या नावावर घेतात, आणि त्याचा मला किती संताप येतो.

मामींना हसू आवरेना. लाटणं बाजूला ठेवून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"म्हनू द्या ताई. मला ठावं हाय ते. त्या टपरीवाल्याची बहीण हितंच राहती." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आन् बरं हाय की. एवढ्या लोकायला सांगून बसले, मीच धाडली म्हून. आता कोणत्या तोंडानं परत या म्हनतील?"

त्यांनी पोळी उलटली, कडा दाबल्या. ती फुगून वर आली. ती उतरवून दुसरी लाटायला घेताना त्या खाली बघूनच म्हणाल्या,

"जेवतेत ना पर, येळेवर?"